डॉक्टर बदलला आणि पब्लिक भडकलं: कॉलिन बेकर प्रकरण, १९८४

डॉक्टर हू मध्ये नवा डॉक्टर जाहीर झाला की फॅन लोकांचं ठरलेलं असतं, हा नको, ही नको, आधीचाच बरा होता, आता सिरियल संपली समजा. १९६६ पासून हेच चालू आहे. मध्ये १६ वर्षं सिरियल खरंच बंद पडली होती, पण त्याची कारणं वेगळी. एरवी होतं काय, की दोनचार एपिसोड गेले की राग ओसरतो आणि मग ज्याला शिव्या घातल्या तोच लोकांचा लाडका होतो. एका केसमध्ये मात्र तसं झालं नाही. राग टिकला, चांगला दहापंधरा वर्षं टिकला, आणि तो सगळा एका नटाच्या डोक्यावर फुटला. कॉलिन बेकर, सहावा डॉक्टर. या केसवरून लोक जो निष्कर्ष काढतात तो मला अजिबात पटत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय. लोक म्हणतात कास्टिंग चुकलं. माझं म्हणणं, माणूस बरोबर होता, त्याची एंट्री चुकली, आणि ती चुकवणारे पडद्यामागे होते.

ज्यांनी सिरियल बघितलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झालेली सिरियल. डॉक्टर नावाचा एक परग्रहवासी, त्याचं टार्डिस नावाचं टाइम मशीन जे बाहेरून पोलिसांच्या निळ्या खोक्यासारखं दिसतं, आणि बरोबर एकदोन माणसं, ज्यांना कम्पॅनियन म्हणतात. पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल, त्याची तब्येत बिघडली, डायलॉग लक्षात राहिनात, तेव्हा निर्माता इनेस लॉइड आणि स्टोरी एडिटर गेरी डेव्हिस यांनी असा तोडगा काढला की डॉक्टर मरायला टेकला की त्याचं शरीरच बदलतं, यालाच रिजनरेशन म्हणतात. २९ ऑक्टोबर १९६६ ला हार्टनेल टार्डिसच्या जमिनीवर कोसळला आणि तिथे पॅट्रिक ट्रॉटन दिसला. आपल्याकडे मालिकेत सूनबाईचा चेहरा सोमवारी अचानक बदलतो, घरातलं कुणी चकार शब्द काढत नाही, आपणही चार दिवस कुरकुर करून गप्प बसतो. इथे तसं नाही, इथे बदल हीच गोष्ट असते. त्यामुळे बघणाऱ्याच्या मनात एकाच वेळी दोन प्रश्न असतात, हा नट चांगला आहे का, आणि हा खरंच तोच डॉक्टर आहे का. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, आणि त्याचं उत्तर नट देऊ शकत नाही, ते लेखकाला द्यावं लागतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता १९८४. पाचवा डॉक्टर पीटर डेव्हिसन, निवड झाली तेव्हा तिशीच्या आतला, सिरियलचा तोपर्यंतचा सगळ्यात तरुण डॉक्टर, गोरागोमटा, क्रिकेटचा ड्रेस, कोटावर सेलरी नावाच्या भाजीची कांडी, स्वभावाने मऊ. तीन वर्षं केली आणि सोडायचं ठरवलं, कारण ट्रॉटननेच त्याला सल्ला दिला होता की तीन वर्षांच्या वर थांबू नकोस. निर्माता जॉन नेथन-टर्नर, फॅन लोक त्याला जेएनटी म्हणतात, १९८० पासून सिरियल त्याच्याच हातात होती. त्याला डेव्हिसनच्या एकदम उलटा डॉक्टर हवा होता आणि त्याने कॉलिन बेकरला घेतलं. गंमत म्हणजे कॉलिन १९८३ च्या जानेवारीतच सिरियलमध्ये येऊन गेला होता, कमांडर मॅक्सिल नावाच्या एका आखडू गार्डच्या भूमिकेत, आणि त्या भूमिकेत त्याने डेव्हिसनच्या डॉक्टरवर चक्क गोळी झाडली होती. त्याच्याही आधी सत्तरच्या दशकात द ब्रदर्स नावाच्या बीबीसीच्या मालिकेत पॉल मेरोनी नावाचा खडूस बँकर करून त्याने अख्ख्या ब्रिटनचा राग ओढवून घेतला होता. म्हणजे हा माणूस लोकांना चीड आणण्यात एक्स्पर्ट आहे हे माहीत असूनच घेतला होता, हा मुद्दा नंतर शिव्या देणारे सोयीस्कर विसरतात.

आता खरी केस सुरू होते. डेव्हिसनची शेवटची गोष्ट द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी, चार भाग, ८ ते १६ मार्च १९८४. लेखक रॉबर्ट होम्स, दिग्दर्शक ग्रॅम हार्पर. डॉक्टर आणि त्याची कम्पॅनियन पेरी (निकोला ब्रायंट) एका ग्रहावर पोचतात न पोचतात तोच दोघांना विषबाधा होते. ते ज्या राजकारणात आणि तस्करीत अडकतात त्याच्याशी डॉक्टरला काडीचंही देणंघेणं नाही, त्याला फक्त या पोरीला जिवंत बाहेर काढायचंय, जी त्याला धड ओळखतही नाही. शेवटी औषध मिळतं पण एकाला पुरेल इतकंच. तो ते पेरीला पाजतो आणि स्वतः मरतो. मग चेहरा बदलतो, कॉलिन बेकर ताडकन उठून बसतो आणि कॅमेऱ्याकडे बघत जवळपास टोमणाच मारतो, की बदल झालाय आणि तो अगदी वेळेवर झालाय. म्हणजे आत्ता ज्याच्यासाठी तुम्ही डोळे पुसताय तो गेला ते बरंच झालं. पंधरा सेकंदांत नव्या माणसाने अर्धी पब्लिक अंगावर घेतली.

ही १६ मार्चची गोष्ट. २२ मार्चला पुढची गोष्ट सुरू झाली, द ट्विन डिलेमा. लेखक अँथनी स्टीव्हन, दिग्दर्शक पीटर मोफॅट. नव्या डॉक्टरचं डोकं ठिकाणावर नाही, मूड क्षणात वर क्षणात खाली. इथवर ठीक, रिजनरेशननंतर डॉक्टर थोडा भंजाळलेला असतोच, प्रत्येक वेळी असतो. पण मग तो पेरीकडे बघून कविता म्हणायला लागतो, मग तिच्यावर संशय घेतो की तू हेर आहेस, आणि टार्डिसच्या आत तिचा गळा दाबतो. हात नुसता वर नेला आणि सीन कापला असं नाही, ती खाली पडलीय, धडपडतेय, तो वरून दाबतोय, आणि आरशात स्वतःचा चेहरा दिसतो तेव्हा कुठे थांबतो. नंतर त्याला कळतं आपण काय केलं, तर त्याचा पश्चात्तापही कसा, की आता मी संन्यासी होणार, ओसाड ग्रहावर जाऊन बसणार, आणि तू माझी शिष्या म्हणून बरोबर चल. ज्या मुलीचा गळा दाबला तिनेच आता त्याच्या तपश्चर्येत साथ द्यायची! पुढे संकट आल्यावर हा तिच्याच मागे लपतो. आणि गोष्ट संपताना तो सुनावतो की मी डॉक्टर आहे, तुला आवडो न आवडो.

सहा दिवस. सहा दिवसांपूर्वी जो तिच्यासाठी मेला त्याच माणसाने तिचा गळा धरला. मला हा सीन आज बघतानाही अस्वस्थ व्हायला होतं, आणि त्यात हिंसा आहे एवढंच कारण नाही, या सिरियलमध्ये माणसं पैशाला पासरी मरतात. कारण हे की वर जो दुसरा प्रश्न म्हटला, हा खरंच तोच आहे का, त्याचं उत्तर लेखकाने "नाही" असं दिलं आणि पुढे ते कधी धड खोडलंच नाही.

तुलनेसाठी १९६६ कडे बघा. ट्रॉटन आला तेव्हाही लोक चिडले होतेच, बीबीसीच्या स्वतःच्या प्रेक्षक अहवालात त्याच्याबद्दल तक्रारी आहेत, हा काय विदूषक आणलाय छापाच्या. पण लेखकांनी काय केलं, कम्पॅनियन दोन होते, बेन आणि पॉली. बेन सरळ म्हणतो हा डॉक्टर नाहीच, पॉली म्हणते तोच आहे. म्हणजे घरी सोफ्यावर जे भांडण चाललंय तेच पडद्यावर चाललंय. जुन्या डॉक्टरची अंगठी नव्याच्या बोटातून गळून पडते, हा मुद्दाही बेनच्या बाजूने जातो. आणि मग एक डालेक, म्हणजे डॉक्टरचा कायमचा शत्रू, याला बघतो आणि ओळखतो. शत्रूने ओळखलं म्हटल्यावर वाद मिटला! प्रेक्षकाला शंका घ्यायची मोकळीक दिली, त्याच्या वतीने ती बोलून दाखवली आणि मग हळूच बाजू पालटली. यापेक्षा हुशारीने नवा नट पचवायला दिल्याचं मला तरी दुसरं उदाहरण आठवत नाही.

१९८४ मध्ये ही सोयच नव्हती. याबद्दल लोक फार कमी बोलतात पण मला वाटतं हेच सगळ्यात मोठं कारण. महिन्याभराचा हिशोब बघा. १५ फेब्रुवारीला टीगन गेली, जी तीनेक वर्षांपासूनची जुनी कम्पॅनियन. २ मार्चला दुसरा कम्पॅनियन टर्लो गेला. १६ मार्चला डेव्हिसन गेला. उरली कोण, तर पेरी, जी स्वतःच २३ फेब्रुवारीला पहिल्यांदा दिसलेली. म्हणजे नव्या डॉक्टरला "हो, हा आपलाच" म्हणणारं ओळखीचं कुणी घरात राहिलंच नाही. १९७४ मध्ये चौथा डॉक्टर टॉम बेकर आला तेव्हा सेरा जेन, ब्रिगेडियर ही जुनी माणसं होती. डेव्हिसन स्वतः आला तेव्हा आधीचे तीन कम्पॅनियन जागेवर होते. २००५ मध्ये डेव्हिड टेनंट आला तर नव्या डॉक्टरला अर्ध्याच्या वर एपिसोड झोपवून ठेवला आणि त्याची कम्पॅनियन रोझला रडू दिलं, आपल्याला पण तिच्याबरोबर, आणि तो शेवटी उठला तेव्हा सगळ्यांना हुश्श झालं. २०१० ला मॅट स्मिथच्या वेळी ओळखीचं कुणीच नव्हतं, तरी जमलं, कारण पहिल्या दहा मिनिटांत तो एका लहान मुलीच्या स्वयंपाकघरात बसून फिश फिंगर कस्टर्डमध्ये बुडवून खातो आणि तिला तो आवडतो. मुलीला आवडला म्हणजे आपल्याला आवडला. आता १९८४ ला त्या जागी काय होतं? जिला आवडायला हवा तिचाच गळा.

कोटाबद्दल लिहायलाच हवं. कॉलिनला स्वतःला साधा काळा मखमली पोशाख हवा होता. जेएनटीने डिझायनर पॅट गॉडफ्रीला सांगितलं की बटबटीत पाहिजे, बेचव पाहिजे. तिने दिला. लाल, पिवळा, हिरवा, गुलाबी असे ठिगळ ठिगळ जोडलेला कोट, पिवळी पट्ट्यांची पँट, गळ्याला ठिपक्यांचा रुमाल, हिरवे बूट आणि त्यावर घोट्याला नारिंगी गेटर्स, कोटाच्या कॉलरवर मांजराचा बिल्ला. आता या कोटात उभं राहून नटाने गंभीर सीन करायचा! कुणी मेलंय, डॉक्टर शोक करतोय आणि बघणाऱ्याचं लक्ष त्या बाहीवरच्या चौकड्यांवर. कुठल्याही सेटवर तो माणूस मागच्या भिंतीशी भांडताना दिसतो. काही लोकांना हा कोट आता क्लासिक वाटतो, वाटो बापडा, मला नाही वाटत.

तिसरी गोष्ट कॅलेंडरची. नवा डॉक्टर सहसा नव्या सीझनच्या सुरुवातीला येतो. जेएनटीच्या डोक्यात आलं की डेव्हिसनला शेवटच्या आधीच्या गोष्टीत घालवू आणि नव्याची पहिली गोष्ट सीझनच्या शेवटी दाखवू, म्हणजे सुट्टीच्या काळात लोकांना त्याची सवय होईल. कागदावर हुशार आयडिया. पण सीझनच्या शेवटी पैसे संपत आलेले असतात आणि ट्विन डिलेमा बघताना ते दिसतं, गोगलगायीसारख्या राक्षसाचा तो रबरी ड्रेस बघा एकदा. आणि त्याहून वाईट म्हणजे ३० मार्चला चौथा भाग संपल्यावर पुढचा एपिसोड थेट ५ जानेवारी १९८५ ला. नऊ महिने लोकांच्या मनात डॉक्टरचं चित्र काय राहिलं असेल? व्हिडिओवर परत बघायची सोय तेव्हा फार थोड्या घरांत, म्हणजे आठवणीत जे राहिलं तेच खरं, आणि आठवणीत राहिला तो गळा. आकडेसुद्धा हेच सांगतात, पहिल्या भागाला सुमारे ७६ लाख लोक होते, चौथ्याला ६३ लाख. चार भागांत तेरा लाख लोकांनी चॅनेल बदललं.

प्लॅन काय होता हेही सांगायला हवं, नाहीतर एकतर्फी होईल. कॉलिन आणि जेएनटी दोघांनी ठरवलं होतं की हा डॉक्टर सुरुवातीला नकोसा वाटेल आणि मग हळूहळू, सीझनमागून सीझन, आतला चांगला माणूस बाहेर येईल. कॉलिनला निदान टॉम बेकरइतकी, म्हणजे सात वर्षं करायची इच्छा होती. लांब पल्ल्याचं कॅरेक्टर, आजच्या वेब सिरीजमध्ये असं सर्रास करतात आणि लोक वाहवा करतात. पण १९८४ च्या बीबीसीवर, संध्याकाळी मुलंबाळं घेऊन बसलेल्या प्रेक्षकासमोर, आठवड्यातून दोन दिवस अर्धा अर्धा तास? त्यात स्क्रिप्ट एडिटर एरिक सॉवर्डलाच हे कास्टिंग पसंत नव्हतं, हे त्याने १९८६ मध्ये सोडून जाताना स्टारबर्स्ट मासिकाला मुलाखत देऊन जगजाहीर केलं. ज्याने डॉक्टरसाठी लिहून घ्यायचं त्यालाच डॉक्टर नको होता. सावकाश उलगडायला वेळ लागतो, आणि तो वेळ मिळालाच नाही, कारण फेब्रुवारी १९८५ मध्ये बीबीसी वनचा कंट्रोलर मायकल ग्रेडने सिरियल दीड वर्षासाठी बाजूला ठेवली.

इथे फॅन लोकांचं वागणं मोठं मजेशीर आहे. सिरियल थांबवली म्हटल्यावर सगळे एक झाले, पेपरात बोंबाबोंब, "डॉक्टर इन डिस्ट्रेस" नावाचं एक गाणंसुद्धा काढलं, जे बीबीसीने वाजवलंच नाही आणि जे ऐकल्यावर बीबीसीला दोष देणं कठीण जातं. आणि सप्टेंबर १९८६ मध्ये सिरियल परत आली, द ट्रायल ऑफ अ टाइम लॉर्ड, १४ भाग, तेव्हा तेच फॅन्स तुटून पडले. डीडब्ल्यूबी नावाचं फॅनझीन, म्हणजे फॅन लोकांनीच काढलेलं मासिक, तर जेएनटीला हाकला म्हणून उघड मोहीम चालवत होतं. प्रेक्षक सरासरी ५० लाखांच्याही खाली आले. मजा म्हणजे या सीझनमध्ये डॉक्टर आणि पेरी खरंच छान वागतात एकमेकांशी, सुरुवातीला हातात हात घालून चालतात, म्हणजे तो ठरवलेला प्लॅन फळायला लागला होता. पण बघायला उरलंय कोण?

डिसेंबर १९८६ मध्ये बीबीसीच्याच ओपन एअर या प्रेक्षकांच्या तक्रारींच्या कार्यक्रमात लिव्हरपूलच्या फॅन ग्रुपची काही पोरं आली आणि लेखकांच्या तोंडावर ट्रायलची लक्तरं काढली. त्यातला एक १६ वर्षांचा मुलगा होता ख्रिस चिबनॉल. नाव ओळखीचं वाटत असेल, ते का ते खाली येईल.

तोपर्यंत वरून निर्णय झाला होता. डॉक्टर बदला, सिरियल चालू राहील. कारण काय दिलं, तर तीन वर्षं पुष्कळ झाली. आधीच्या बेकरने सात केली होती! आणि यातली दीड वर्षं तर सिरियल बंदच होती, कॉलिनच्या वाट्याला टीव्हीवर एकूण ३१ एपिसोड आले. जेएनटीला ठेवलं, हे विशेष. त्याला स्वतःलाच जायचं होतं म्हणे, तरी त्यालाच ठेवला, म्हणजे कोट ज्याने मागितला तो राहिला आणि ज्याने घातला तो गेला. मग कॉलिनला विचारलं की पुढच्या सीझनच्या पहिल्या गोष्टीपुरता ये आणि मर. तो म्हणाला अख्खा सीझन द्या, नाहीतर नाही. नाहीच झालं. म्हणून ७ सप्टेंबर १९८७ ला नवा डॉक्टर सिल्व्हेस्टर मकॉयला कॉलिनसारखा कुरळा विग घालून, त्याच्या अंगावर तो प्रचंड कोट चढवून जमिनीवर पालथा टाकला आणि रिजनरेशन उरकलं. जाणाऱ्या डॉक्टरला निरोप नाही मिळाला असं या सिरियलच्या इतिहासात फार क्वचित झालंय.

आता माझ्या म्हणण्याचा पुरावा. डॉक्टर हू मॅगझिनने २००९ मध्ये वाचकांकडून तोपर्यंतच्या २०० गोष्टींना मार्क मागवले. पहिला नंबर द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी. दोनशेवा, शेवटचा, द ट्विन डिलेमा. सलग आलेल्या दोन गोष्टी, एकच निर्माता, एकच कम्पॅनियन. २०१४ ला पुन्हा पोल झाला, केव्ह्ज चौथ्यावर सरकली, ट्विन डिलेमा २४१ पैकी २४१ व्या जागेवर ठाम. यावर लगेच कुणीतरी म्हणेल की बघा, एकीत डेव्हिसन आहे आणि दुसरीत कॉलिन, मग नटच खराब. थांबा जरा. १९९९ पासून बिग फिनिश नावाच्या कंपनीने जुन्या डॉक्टरांना घेऊन ऑडिओ नाटकं काढायला सुरुवात केली. कॉलिन तिथे आला. २००० मध्ये द मेरियन कॉन्स्पिरसी, त्यात मॅगी स्टेबल्सची इव्हलिन स्माइथ, वयस्कर इतिहासाची प्राध्यापिका, जी या डॉक्टरला दबत नाही, उलट त्यालाच गप्प बसवते. त्याच वर्षी द होली टेरर, २००३ मध्ये ज्युबिली. तोच नट, तोच मोठा आवाज, तोच अहंकार, तीच लांबलचक वाक्यं, आणि ज्या फॅन्सनी त्याला तळाला बसवलं होतं त्यांनीच आवाजाच्या दुनियेत त्याला डोक्यावर घेतलं. कोट ऐकू येत नाही हा एक फायदा झालाच. पण मुख्य फरक इव्हलिनचा. समोर उभं राहून "तू काहीही बोल, मी ओळखते तुला" म्हणणारं कुणीतरी त्याला शेवटी मिळालं.

कॉलिनची काहीच चूक नव्हती असं मी म्हणणार नाही. ट्विन डिलेमात तो ओरडतो फार, जिथे एक भुवई उचलून भागलं असतं तिथे दोन्ही हात पसरतो, आणि गळ्याच्या त्या सीनला सेटवर आडवं यायला हवं होतं असं मला वाटतं, पण नव्याने आलेला नट किती आडवा येणार हाही प्रश्न आहेच.

१६ जुलै २०१७, विम्बल्डनची पुरुषांची फायनल संपली आणि बीबीसीने जाहीर केलं की तेरावी डॉक्टर जोडी व्हिटेकर, पहिली बाई. तिला निवडणारा नवा शोरनर, म्हणजे सिरियलचा मुख्य लेखक-निर्माता, कोण, तर ओपन एअरमधला तो १६ वर्षांचा मुलगा, ख्रिस चिबनॉल. ठरल्याप्रमाणे भडका उडाला. डेव्हिसननेही नाराजी दाखवली, मुलांनी आदर्श कुठे शोधायचा म्हणाला. आणि तिच्या बाजूने जाहीरपणे उभा राहिला तो कॉलिन, डेव्हिसनचं म्हणणं त्याने सरळ उडवून लावलं आणि ट्विटरवर स्वतःचीच १९८४ ची दोन वाक्यं जोडून टाकली, बदल वेळेवर झालाय आणि हीच डॉक्टर आहे, तुम्हाला आवडो न आवडो. ज्या वाक्यांनी त्याचं वाटोळं केलं तीच. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये तिचा पहिला एपिसोड लागला तेव्हा जवळजवळ एक कोटी दहा लाख लोकांनी बघितला.

२०२२ मध्ये व्हिटेकरच्या शेवटच्या एपिसोडमध्ये चिबनॉलने कॉलिनला परत डॉक्टर म्हणून आणलं, काही मिनिटांपुरतं, डेव्हिसन आणि मकॉयही होते. मग नोव्हेंबर २०२३, सिरियलला ६० वर्षं झाली म्हणून बीबीसीने टेल्स ऑफ द टार्डिस काढलं, जुने डॉक्टर आणि कम्पॅनियन परत भेटतात, गप्पा मारतात आणि मग त्यांची एक जुनी गोष्ट दाखवतात. कॉलिन आणि निकोला ब्रायंट, डॉक्टर आणि पेरी, इतक्या वर्षांनी समोरासमोर बसले. जुनी गोष्ट लावली ती १९८५ ची व्हेंजन्स ऑन व्हॅरोस. ट्विन डिलेमाचं नाव अर्थातच कुणी काढलं नसणार.